उघाडी

आबाला तिथी सांगा,
तो तिची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगेल.
दशमी, साडेसात. चतुर्थी, तीन.
धरमतरच्या खाडीला लागून आमचा खारबंधारा,
पस्तीस वर्षं त्याच्याकडे उघाडी.
ओहोटीला फळ्या काढायच्या, भरतीआधी टाकायच्या.
गाव त्याबद्दल भात देतं,
दाराशी अडकलेली कोळंबी त्याची.

कापणीत भाताचं पातं उजव्या डोळ्याला लागलं.
आईने दूध घातलं, मग कुणाच्या सांगण्यावरून मध.
महिन्यात बुबुळावर फूल पडलं.
फूलच म्हणतात त्याला,
वास नाही, गळत नाही.

पनवेलला कुणा अनोळखी मेलेल्या माणसाचं पटल बसवलं.
वर्षात तेही दुधाळलं.
मग दुसऱ्या माणसाचं.
सोळा टाके, भिंगातून बघितलं तर
पागेराच्या कडेसारखे गोल.
दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर आबा म्हणाला,
तुझ्या कानातली कुडी वाकडी झालीय.
झाली होती. चार वर्षं तशीच होती.

डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे ओढला.
वय?
एकाहत्तर. नाहीतर चौऱ्याहत्तर, पुराच्या साली जन्म.
मोतीबिंदू काढलाय?
पोयनाडच्या शिबिरात, त्याच डोळ्याचा.
जखम चिघळली होती?
हो. (दूध, मध मी सांगितलं नाही.)
घरात कुणाला काचबिंदू?
आबा म्हणाला, काका आंधला झाला, पन तो म्हातारा होता.
बाईंनी प्रत्येक उत्तरापुढे बारीक टिंब दिलं,
आणि टिंबं मोजली नाहीत.
मी मोजली.

दोन बाटल्या.
पांढऱ्या थेंबाची, जोरात हलवून घालायची,
दुसऱ्याचं पटल आपल्या डोळ्याने नाकारू नये म्हणून.
पण याच थेंबाने काहींचं प्रेशर चढतं, त्या म्हणाल्या.
मग पिवळ्या झाकणाची, ते उतरवायला.
मी विचारलं, पांढरा बंद केला तर?
त्या म्हणाल्या, पटल जाईल.
आणि चालू ठेवला तर?
त्यांनी माझ्याकडे बघितलं,
म्हणाल्या, म्हणून तर यायचं. दर महिन्याला.

दोन महिने गेलो नाही.
मना दिसतंय ना, मंग कनाला जाव?
त्याला दिसत होतं. कुडी, पंचांगातली बारीक अक्षरं,
खाडीपलीकडच्या बार्जवरचा माणूस.
फक्त उजव्या हाताशी चालणारा नातू
हाक मारेपर्यंत दिसत नव्हता.
आम्ही हसायचो. म्हातारा ऐकतो तेव्हाच बघतो.

चौतीस.
नव्या पटलावर, टाक्यांवर यंत्र कधीकधी चुकतं,
म्हणून तीनदा मोजलं. तीनदा तेच.
बाईंनी कागदावर डोळा काढला:
पाणी आतच तयार होतं, सारखं,
आणि या कोपऱ्यातून झिरपून जातं.
जुन्या जखमेने कोपरा चिकटलाय, वरून औषध.
मागे नस आहे, ती दबते.
कडेकडेने नजर जाते. गेलेली परत येत नाही.

आबाने कागद हातात घेतला, उलटा धरला, सुलटा केला.
मग कोपऱ्यावर नख ठेवलं.
ही उघाडी, म्हणाला. गालाने भरलीय.

परतताना एसटीत तो खूप वर्षांनी बोलला त्या सालाबद्दल:
बाहेरून थेंबभर खारं पाणी आलं नव्हतं,
बांध शाबूत,
पण दारात गाळ बसला, फळ्या हलेनात,
आणि आतल्या गोड्या पाण्याने
चाळीस एकर भात उभ्या उभ्या कुजला.
लोक बांधाकडे बघत होते, तो म्हणाला. मी पन.

आता रात्री मी थेंब घालते.
घातल्यावर डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यावर
बोट दाबून धरायचं, एक मिनिट,
बाईंनी शिकवलंय.
माझ्या बोटाखाली त्याचं हाड लागतं,
आणि एक नाडी, माझी का त्याची कळत नाही.
बाहेर फळ्यांवर पाणी आपटतं.
ती आता नातू टाकतो; आबा फक्त वेळ सांगतो.

पुढची तपासणी सतरा तारखेला, मी म्हणते.
तो डोळे मिटूनच विचारतो,
तिथी कुठली?